देवकाचा कळंब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरे उभी राहतात. बखर, फर्मान, सनद, महजर, शिलालेख, ताम्रपट हीच काय ती इतिहासाची साधने, असा आपला शिक्षितांचा समज झालेला आहे आणि तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु ज्या लोकांनी कधी सनद मिळविली नाही, ज्यांच्या घरी कधी कागद आला तर तो सावकाराचा किंवा सरकारचाच आला, त्यांनी आपल्या गतकाळाची आठवण कशात साठविली असेल, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते या प्रश्नाचे एक उत्तर झाडांच्या पानांत आहे. हे विधान वाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून ते आम्हांस कसे सुचले हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या लग्नाकरिता आम्ही इंदापूर तालुक्यातील कळंब या गावी गेलो होतो. नीरेच्या काठचे, वालचंदनगरला लागून असलेले हे गाव. वैशाखाचे ऊन, दारात मांडव, मांडवाच्या खांबांस केळीचे खुंट, सर्व थाट नेहमीचाच. देवक बसविण्याची वेळ आली तेव्हा मात्र घरात थोडी कुजबूज सुरू झाली. त्या घराण्याचे देवक कळंब. कळंबाची डहाळी आणण्यास दोघे तरुण मोटारसायकलवरून गेले होते. ते तासाभराने एका बंगल्याच्या बागेतून मोठ्या रुंद पानांची एक टवटवीत फांदी घेऊन आले. ओसरीवर बसलेल्या आजीबाईंनी पान हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "बाळांनो, हा आपला कळंब नव्हे. आपल्या कळंबाचं पान एवढं थोरलं नसतं." तरुण म्हणाले, "आजी, बागवानानं कदंब म्हणून सांगितलं. कदंब काय नि कळंब काय, एकच की." आजीबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते पान सुपातही ठेवू दिले नाही.

कळंब नावाच्या गावात कळंबाची एक डहाळी मिळू नये, ही गोष्ट आमच्या मनास लागली. परतल्यावर आम्ही या विषयाचा जो थोडाबहुत शोध घेतला त्याचे सार येथे देत आहोत.

प्रथम नावाचा विचार करू. संस्कृत 'कदंब' याचे 'कळंब' कसे झाले हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञांस फार दूर जावे लागत नाही. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात ज्या मोजक्या शब्दांतील 'द'चा 'ल' होतो म्हणून सांगितले आहे त्यांत कदंब हा शब्द आहे. प्राकृतातील 'कलंब' मराठीत आल्यावर दोन स्वरांमधील 'ल'चा 'ळ' झाला आणि शब्द आपल्या ओळखीचा झाला. धाराशिव जिल्ह्यात कळंब आहे, यवतमाळ जिल्ह्यात कळंब आहे, पुणे जिल्ह्यातच आंबेगावाकडे दुसरे कळंब आहे. इतक्या निरनिराळ्या ठिकाणी एकच नाव आढळते, त्या अर्थी ते कोणा पुरुषावरून पडले नसून झाडावरूनच पडले असावे असे मानण्यास हरकत नाही. इंदापूर तालुक्यातच पळसदेव आहे, निमगाव केतकी आहे. आणि नीरेपलीकडच्या फलटणच्या निंबाळकरांचे आडनाव निंबळक गावावरून, म्हणजे अखेर निंबावरूनच आले आहे. मनुष्य जमिनीवर वस्ती करतो आणि सावली ज्याची मिळते त्याचे नाव वस्तीला देतो. ही रीत फार जुनी आहे.

गावेच काय, राजवंशही झाडांची नावे मिरवीत आले आहेत. बनवासीचे कदंब हे चौथ्या शतकापासूनचे प्रसिद्ध घराणे. त्यांच्या तालगुंद येथील स्तंभलेखात असे सांगितले आहे की, त्यांच्या पूर्वजांच्या घराजवळ एक कदंबवृक्ष होता, त्याची ते जोपासना करीत आणि त्यावरूनच कुळास हे नाव पडले. समुद्रापलीकडे पाहिले तर जावा बेटात १२९३ मध्ये स्थापन झालेल्या मजपहित या बलाढ्य राज्याचे नावही एका फळावरून आलेले आहे. 'मज' म्हणजे बेलफळ आणि 'पहित' म्हणजे कडू. राजधानीसाठी रान तोडणाऱ्यांस तेथे कडू बेलफळे खावी लागली, अशी तिकडची आख्यायिका आहे. दंतकथेचा भाग सोडला तरी एवढे राहतेच की, आपल्या उगमाशी एक झाड असावे असे राजासही वाटते आणि कुणब्यासही वाटते.

आता आजीबाईंच्या निवाड्याकडे वळू. त्यांचे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत खरे होते! हल्ली बागांतून व रस्त्यांच्या कडेने जो कदंब लावला जातो, मोठ्या पानांचा व नारिंगी चेंडूसारख्या फुलांचा, तो मूळचा ओलसर, भरपूर पावसाच्या प्रदेशातला वृक्ष. इंदापूर-बारामतीकडचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि वर्षाकाठी पाऊस वीस इंचांच्या आसपास पडतो. अशा ठिकाणी हा वृक्ष आपण होऊन वाढणे कठीणच. देशावर ज्यास कळंब किंवा कळम म्हणतात तो त्याच कुळातला, पण निराळा वृक्ष. त्याची पाने बरीच लहान, फुलांचे गेंद छोटे व फिकट पिवळे, आणि कोरड्या पानगळीच्या रानात व ओढ्यानाल्यांच्या कडेला तो तग धरतो. गोल गेंदामुळे दोहोंस एकाच नावाने ओळखण्याची चाल पडली. कृष्णाच्या कथेतला वृक्ष कोणता यावर पंडितांनी वाद घालावा. परंतु नीरेकाठच्या देवकातला वृक्ष कोणता, याचा निर्णय त्या माउलीने पान चाचपून दिला होता.

देवक म्हणजे काय, हे शहरी वाचकांपैकी पुष्कळांस केवळ लग्नपत्रिकेवरूनच ठाऊक असते. मराठा व इतर अनेक जातींत प्रत्येक कुळाचे एक देवक असते. ते बहुधा एखादे झाड, क्वचित प्राण्याचे अंग, जसे मोराचे पीस, क्वचित एखादे हत्यार असते. लग्नापूर्वी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणून तिची पूजा करतात आणि मांडवात तिची स्थापना करतात. देवक बसले म्हणजे कार्यास आरंभ झाला. ते उठेपर्यंत घर व्रतस्थ. एकाच देवकाच्या दोन कुळांत सोयरीक होत नाही, कारण ते भाऊभाऊ समजले जातात. आपल्या देवकाचे झाड तोडू नये, त्याला इजा करू नये, असाही दंडक पाळला जातो. मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत अशा शेकडो कुळांची देवके नोंदलेली आहेत. त्या याद्या चाळल्या तर कळंब, उंबर, वड, पिंपळ, आंबा, जांभूळ, रुई, शमी अशी सारी देशावरची रानेच आपल्यापुढून जातात.

या चालीचा अर्थ काय, याविषयी पाश्चात्य विद्वानांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. फ्रेझर यांनी १९१० मध्ये या विषयावर चार जाड खंड लिहिले व जगभरच्या अशा चाली एका माळेत ओवल्या. पुढे १९६२ मध्ये फ्रान्सचे लेवी-स्त्रोस यांनी त्या माळेचा दोराच काढून घेतला. माणसे झाडांस पूर्वज मानतात म्हणून नव्हे, तर आपापसांतील भेद व नाती मोजण्यास झाडांची भिन्नता सोयीची पडते म्हणून त्यांचा उपयोग करतात, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. आम्हांस या वादात न्यायाधीश होण्याची हौस नाही. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. झाडावरून नाते मोजावयाचे तर झाड ओळखता आले पाहिजे. कळंब व कदंब यांतील फरक ज्याला कळतो त्यालाच आपला भाऊबंद कोण व सोयरा कोण हे कळणार. वनस्पतींचे ज्ञान ही त्या समाजात हौस नव्हती. ती व्यवहाराची गरज होती.

जावा बेटाचे नाव वर आलेच आहे, तर तेथील एक चाल सांगण्यासारखी आहे. तिकडील खेड्यांत लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंस घडांसकट केळीचे खुंट, ऊस, कोवळे नारळ, भाताच्या लोंब्या व वडाच्या जातीच्या झाडाची पाने बांधतात. त्या सजावटीस ते 'तुवुहन' म्हणतात आणि ज्या शब्दावरून ते नाव आले त्याचा अर्थ उगवणे, वाढणे असा आहे. कोवळ्या नारळपात्यांची विणलेली जोड-झाडे वधूवरांसाठी करण्याचीही तेथे रीत आहे. आणि जोगजकार्ता येथील राजवाड्यापुढच्या पटांगणात कुंपण घातलेले दोन वड अजूनही मानाने राखलेले आहेत. तिकडचे बहुसंख्य लोक कित्येक शतकांपासून इस्लामधर्मी आहेत. तरी दारची केळ सुटली नाही. आमच्या कळंबच्या मांडवातील केळीचे खुंट पाहून जावातील शेतकऱ्यास आपण परक्या मुलुखात आलो असे खचित वाटले नसते. यावरून एकाने दुसऱ्याचे उसने घेतले असे सिद्ध करण्याची घाई मात्र करू नये. जेथे केळ एका खुंटापासून बेट होऊन वाढते, तेथे वंशवृद्धीची खूण म्हणून माणसाची नजर तिच्याकडे जाणारच.

आता वर्षाचे चक्र पाहा. पाडव्यास गुढीला कडुनिंबाचा डहाळा व आंब्याची पाने, ज्येष्ठात वड, श्रावणात बेल, भाद्रपदात गणपतीच्या एकवीस पत्री, आश्विनात घटाभोवतीच्या मातीत उगवलेले धान्याचे कोंभ, जे दसऱ्यास पुरुष पागोट्यात खोवतात, आणि सीमेबाहेरची शमी व आपटा, कार्तिकात तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव, पौषात संक्रांतीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाची कांडी, गव्हाची ओंबी. इंदापूरकडे शाळूची पेरणी होते ती दसऱ्याच्या आगेमागेच. तेव्हा घटातले कोंभ पाहणे आणि घरातले बी पाहणे या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या मनात अलग असतील असे आम्हांस वाटत नाही. या कोरड्या मुलखात भात पिकत नाही, म्हणून लग्नात ज्वारीच्या अक्षता टाकण्याची चाल खेडोपाडी होती. शास्त्राने तांदूळ सांगितला. जमिनीने ज्वारी दिली. आणि गावाने शास्त्राचा मान राखून जमिनीचे ऐकले.

ही पाने कोण आणी, याचीही व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्यांच्या कामांचे जे वर्णन केले आहे त्यावरून गावच्या व्यवस्थेचे चित्र स्पष्ट दिसते. बेल व पत्रावळी गुरवाने पुरवाव्या, सुगडे कुंभाराने द्यावी, सणाचे तोरण मातंगाने बांधावे. म्हणजे कोणते झाड कोठे आहे, कोणत्या महिन्यात त्याला पालवी येते, कितपत तोडले तर ते पुन्हा फुटते, हे ज्ञान गावातील निरनिराळ्या घरांत वाटून ठेवलेले होते. येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्याच्या हातचे तोरण शुभ, त्याला दाराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. झाडांच्या या गोड इतिहासावर हा डाग आहे आणि जुन्या चालींचे कौतुक करणाऱ्याने तो झाकून ठेवणे हे अप्रामाणिकपणाचे होईल.

कोणी म्हणेल, या चाली जर इतक्या प्राचीन व स्थिर आहेत तर त्यांत इतिहास तो काय? इतिहास म्हणजे तर बदल. यावर आमचे उत्तर असे की, चाली स्थिर आहेत हाच भ्रम आहे. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीज आदी दर्यावर्दी लोकांनी नव्या जगाशी दळणवळण सुरू केल्यानंतरच तो आपल्याकडे आला. संक्रांतीच्या सुगडात जागा पटकावून बसलेला भुईमूगही त्याच खंडातला. नारळ व सुपारी तर आमच्या देशावरच्या गावात पिकतच नाहीत. त्या घाट चढून आलेल्या आहेत. म्हणजे पूजेचे ताट हे व्यापाराचा नकाशाच होय. परक्या झाडास गावाने पाहुणा म्हणून आत घेतले आणि चार पिढ्यांत तो घरचाच झाला. तेव्हा या चालींचा प्राण जुनेपणात नसून, भोवती जे उगवते त्याच्याशी नाते जोडीत राहण्यात आहे.

हे नाते कोठे व कसे तुटले? त्याचे उत्तर पुन्हा कळंबातच मिळते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या या पूर्वभागाची जी दैना झाली तिचा धडा घेऊन नीरेचा डावा कालवा आला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले आणि भाटघरच्या धरणाने त्याला पुरवठा केला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने कळंबजवळ साखर कारखाना उभारला आणि माळावर वालचंदनगर वसले. ज्या मुलखात माणसे व जनावरे पाण्यावाचून मेली तेथे ऊस डुलू लागला, घरोघर दोन वेळची चूल पेटली, मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचली. आमचा तो विद्यार्थी हे त्याच पाण्याचे पीक. म्हणून कालव्यास व कारखान्यास दोष देण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण जमाखर्च मांडावयाचा तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. बांध अरुंद झाले, ओढ्याकाठची गचपणे उसाखाली गेली, आणि ज्या झाडास ना फळ, ना बाजारभाव, ते प्रथम गेले. कळंब अशा झाडांपैकी एक.

झाड गेले तरी विधी राहतो, आणि मग तो पर्याय शोधतो. आपट्याऐवजी हल्ली कांचनाची पाने बाजारात येतात. दोहोंचे पान जोडपानासारखे दिसते, घेणाऱ्यास भेद कळत नाही. वटपौर्णिमेस वडाखाली जाण्याऐवजी वडाची तोडलेली फांदी विकत आणून कुंडीत खोचतात. ज्या व्रताचा सारा भाव वृक्षाच्या दीर्घ आयुष्यावर, त्याच व्रताने वृक्षाचे अंग तोडावे, यासारखा विपर्यास कोणता? देवरायांची गोष्ट याहून वेगळी नाही. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून दाखवून दिले की, देवाच्या भीतीने राखलेल्या या तुकड्यांत अन्यत्र दुर्मिळ झालेल्या वनस्पती टिकून होत्या. आणि त्या देवरायाच झपाट्याने नष्ट होत होत्या. भीती गेली हे बरेच झाले. पण भीतीच्या जागी ज्ञान यावयास हवे होते, ते मात्र वेळेवर आले नाही.

आता त्या लग्नघरात पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करू. मुहूर्त टळू लागला तेव्हा भटजींनी तोड सुचविली, "पंचपल्लव घ्या, पंचपल्लवात सर्व देवके आली." वड, पिंपळ, उंबर, आंबा व पिंपरी ही शास्त्रोक्त पाच, त्यांतील पिंपरी न मिळाल्याने जांभळाचा डहाळा आणला गेला. देवक बसले, सनई वाजली, कार्य थाटाने झाले. त्या वेळी आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. एन्थोवेन यांच्या याद्यांत पंचपल्लव हेच ज्यांचे देवक अशी कुळे बरीच आढळतात आणि हे कसे झाले असावे याचे आम्हांस कोडे होते. त्याची उकल कोणत्याही ग्रंथात न सापडता त्या मांडवात आमच्या डोळ्यांसमोर घडली. ज्या कुळाचे झाड हरवले, किंवा जे कुळ झाड नसलेल्या मुलखात गेले, त्याने पंचपल्लवाचा आश्रय केला असावा. प्रथम अडचण म्हणून आणि पुढे परंपरा म्हणून. हा आमचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु त्या घरातील नवरदेवाचा मुलगा उद्या आपले देवक पंचपल्लव म्हणून सांगेल, आणि ते खोटेही म्हणता येणार नाही.

आजीबाई देवकाला नमस्कार करून पुन्हा ओसरीवर येऊन बसल्या. आम्ही त्यांना विचारले, "आजी, तुमचा कळंब कोठे होता?" त्यांनी हाताने नीरेच्या बाजूचा ऊस दाखविला. "तिथं वड्याच्या काठाला. लगीन होऊन आले तवा माझंबी देवक त्याचंच बसलं हुतं." तेथे आता ऊस गळ्याइतका उंच उभा होता.

त्या ओसरीवर जे ज्ञान बसले होते ते कोणत्याही दप्तरात नाही, आणि ते आणखी किती दिवस तेथे बसणार आहे हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते वाचविण्यास मोठा द्रव्यनिधी लागत नाही, मंडळ स्थापावे लागत नाही. गावच्या शाळेने एकदा मुलांना आपापल्या घराचे देवक विचारून यावयास सांगावे आणि जे झाड गावात नाही ते मारुतीच्या पारामागे लावावे. लावताना कोणा म्हाताऱ्या बाईस पान दाखवून घ्यावे, एवढी मात्र खबरदारी घ्यावी. नाहीतर आपण पुन्हा कदंबच लावून बसू.